कॅमेऱ्यासाठी फ्लॅश घेताना



मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा महामार्ग महाराष्ट्र सोडून छत्तीसगडात शिरण्याआधी आमच्या देवरीतून जातो. रस्त्यावर रात्रभर ट्रकांचे दिवे असतात. पण रस्ता सोडून चिचगडच्या अंगाला जरा आत वळावे, म्हणजे अंधार कशाला म्हणतात ते कळते. आज मी बोलणार आहे तो या अंधारात फोटो काढताना कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायच्या दिव्याविषयी, म्हणजे फ्लॅशविषयी. विषय शहरी वाटेल. हौशी लोकांचा, लग्नात फोटो काढणाऱ्यांचा. मलाही तसाच वाटत होता. मी मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी या विषयात मला शिरावे लागले, त्याला कारण झाला माझ्याच हातून बिघडलेला एक फोटो.

आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटली की दंडार आली, रात्रीचे नाटक आले. काही वर्षांपूर्वी अशाच मंडईच्या दिवसांत तालुक्यातल्या एका शाळेने दंडारीतल्या एका वृद्ध कलावंताचा सत्कार केला. चाळीस वर्षे त्या माणसाने डफावर रात्री जागवल्या होत्या. कार्यक्रम संध्याकाळी उशिरा सुरू झाला, वर्गात एक पिवळा बल्ब, आणि कॅमेरा होता फक्त माझ्याजवळ. कॅमेऱ्याचा स्वतःचा चिमुकला फ्लॅश टपकन वर आला, लखलखाट झाला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, झाले काम.

पुढल्या ज्येष्ठात ते गृहस्थ वारले. तेराव्यानंतर त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, बाबाचा फोटू असन तं द्या जी. मोठा करून भितीले लावाचा आहे." मी संगणक लावला. फोटो मोठा केला आणि आम्ही दोघेही गप्प झालो. चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक. कपाळावर तेलकट चकाकी. डोळ्यांची बुबुळे लाल. आणि पाठीमागच्या भिंतीवर, जणू दुसराच कोणी उभा आहे अशी, काळीकुट्ट सावली. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "हे बाबा नाही वाटत जी." त्या घरात त्यांचा दुसरा फोटो एकच होता, आधार कार्डावरचा. शेवटी तोच मोठा करून लावला.

ही गोष्ट त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्याही मनाला लागली. त्यांनी गावातून वर्गणी केली आणि मला म्हणाले, "सर, शाळेसाठी एक चांगला फ्लॅश निवडून द्या. पण पैसे लोकांचे आहेत, वाया जाता कामा नयेत." लोकांचे पैसे म्हटल्यावर माणूस अभ्यास करतो. तो अभ्यास आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी एक शंका निकालात काढू. तुम्ही म्हणाल, आता हातोहाती मोबाईल आहे, त्यालाही दिवा आहे. मग वेगळा फ्लॅश कशाला? मोबाईलचा दिवा म्हणजे छोटी बॅटरीच होय. हातभर अंतरावरचा कागद त्यात दिसेल. खोलीभर माणसे दिसायची नाहीत. फ्लॅशचे काम निराळे आहे. तो काही सेकंद वीज साठवतो आणि क्षणाच्या हजाराव्या हिश्शात, कधी त्याहूनही कमी वेळात, सगळी ओतून मोकळा होतो. म्हणून त्यात नाचणारी मुलगी जागच्या जागी थांबल्यासारखी येते, घुंगरासकट.

आता माझा फोटो का बिघडला ते पाहू, कारण फ्लॅश कसा निवडावा याचे निम्मे उत्तर त्यातच आहे. मला आधी वाटले, दिवा लहान होता म्हणून बिघडला. मोठा घेतला की झाले. दुकानदारही हेच सांगतो. पण जरा विचार करा. श्रावणात ढगाळ दिवशी अंगणात बसलेल्या आजीचा चेहरा कसा दिसतो? मऊ, भरलेला, सुरकुती सुरकुती दिसते, पण बोचत नाही. तीच आजी वैशाखात भर दुपारी उन्हात उभी करा. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाखाली सावली, कपाळ चमकते. दुपारी उजेड कमी असतो का? उलट जास्तच असतो. फरक एवढाच, की ढगाळ दिवशी सबंध आभाळ दिवा झालेले असते आणि उन्हात एका लहानशा गोळ्यातून प्रकाश येतो. दिवा चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. जितका लहान, तितकी सावली कडक. कॅमेऱ्याचा फ्लॅश बोटभर रुंद. त्याची ताकद दहापट केली तरी तो बोटभरच राहणार, आणि भिंतीवरची सावली तशीच काळी पडणार. शिवाय तो भिंगाच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याचा प्रकाश डोळ्याच्या आतल्या रक्ताळ पडद्यावर आपटून सरळ भिंगात परत येतो. डोळे लाल होतात ते त्यामुळे.

यावर उपाय काय? दिव्याचे तोंड माणसाकडून फिरवा. ते छताकडे करा, बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे करा. प्रकाश तिथे आपटेल, पसरेल, आणि मग सबंध भिंत किंवा सबंध छत हाच तुमचा दिवा होईल, ढगाळ आभाळासारखा. म्हणून फ्लॅश विकत घेताना पहिली गोष्ट पाहायची ती त्याची मान. ती वर उचलता येते का? आणि डावीउजवीकडेही फिरते का? काही स्वस्त फ्लॅशांची मान वर होते, पण बाजूला वळत नाही. कॅमेरा आडवा असतो तोवर चालते. पण एकट्या माणसाचा फोटो घ्यायला कॅमेरा उभा धरला, की अशा फ्लॅशचे वर केलेले तोंड छताकडे न राहता बाजूला वळते. तेव्हा दोन्हीकडे मान फिरत नसेल, तर तो फ्लॅश कितीही जोरदार असो, खाली ठेवा आणि दुसरा दाखवायला सांगा. माझ्या मते या एका परीक्षेत दुकानातला निम्मा माल बाद होतो.

मी हे ज्ञान घेऊन मोठ्या उत्साहाने एका विद्यार्थ्याच्या घरी प्रयोगाला गेलो आणि तोंडावर पडलो. आपल्याकडची घरे काही पुण्यामुंबईच्या सदनिका नव्हेत. वर कवेलू, त्याखाली धुराने काळे झालेले फाटे. छताकडे फ्लॅश मारला तर कवेलूंनी सगळा प्रकाश गिळून टाकला. मग बाजूच्या भिंतीवर मारला. भिंतीला नीळ घातलेला चुना होता. ती छान निळीजांभळी दिसत होती, आणि फोटोत घरातली सगळी माणसेही निळीजांभळी आली. भिंतीचा रंग प्रकाश आपल्याबरोबर घेऊन येतो, हे कोणत्याच पुस्तकात आमच्या घरांसाठी म्हणून लिहिलेले नव्हते. मग घरातल्या आजीने खुंटीवरचे पांढरे धोतर काढून दिले. दोन पोरांनी ते माझ्या डाव्या अंगाला ताणून धरले, मी फ्लॅशचे तोंड धोतराकडे वळवले, आणि फोटो असा आला की आजी स्वतःच म्हणाली, "आता मी मी दिसतो." शाळेत धोतराऐवजी चादर घ्या, नाहीतर चित्रकलेच्या तासाचे मोठे पांढरे कार्डशीट घ्या. शाळेच्या स्लॅबच्या खोलीला पांढरा रंग असेल तर काहीच नको, छत आहेच.

आता ताकदीविषयी. ताकद पाहायची नाही असे मी म्हणत नाही. पण ती कशी पाहायची हे कळले पाहिजे. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. त्याला कॅमेऱ्याच्या छिद्राच्या आकड्याने भागले, की तो किती मीटरपर्यंत पोचतो ते कळते. गणित पाचवीच्या मुलाला जमेल. माझ्या कॅमेऱ्यातल्या चिमुकल्या फ्लॅशचा आकडा १०च्या आसपास. छिद्र एफ ५.६ वर ठेवले तर १० भागिले ५.६, म्हणजे पावणेदोन मीटरच्या थोडे पुढे. स्नेहसंमेलनात पहिली रांग दिसते आणि मागची सगळी शाळा काळोखात बुडते, त्याचे कारण हे. ३६ आकड्याचा फ्लॅश त्याच छिद्रावर साधारण साडेसहा मीटर जाईल. हे सगळे आयएसओ १०० या संवेदनशीलतेला. आयएसओ ४०० केले की आकडा दुप्पट होतो, १६०० केले की चौपट. आजचे कॅमेरे ८०० किंवा १६०० आयएसओला पुष्कळ चांगले चित्र देतात. म्हणजे जुन्या काळी रोल घालून फोटो काढणाऱ्याला जेवढा जोरदार फ्लॅश लागे, तेवढा आपल्याला लागत नाही. मात्र भिंतीवर किंवा छतावर मारलेला प्रकाश लांबचा फेरा घेऊन येतो आणि वाटेत बराचसा गळतो. तेवढी शिल्लक हाताशी हवी. ३०च्या पुढचा खरा आकडा शाळेला पुरतो.

'खरा आकडा' म्हणालो, कारण इथे एक गोम आहे. फ्लॅशच्या तोंडातली दिव्याची नळी काचेमागे पुढेमागे सरकून झोत रुंद किंवा अरुंद करते, टॉर्चसारखी. झोत अरुंद केला की तो लांब जातो आणि आकडा फुगतो. कोणी आकडा अरुंद झोताला मोजून छापतो, कोणी रुंद झोताला. कॅननच्या ४३०ईएक्स तिसऱ्या आवृत्तीला ४३ हा आकडा आहे, तो १०५ मिलिमीटरच्या अरुंद झोताचा. निकॉनच्या एसबी-७०० ला २८ आहे, तो ३५ मिलिमीटरच्या रुंद झोताचा. कागदावर ४३ आणि २८ पाहून एक मल्ल आणि दुसरा पोरगा असे वाटते. पण दोन गोण्या दोन निराळ्या काट्यांवर तोललेल्या आहेत. हल्लीच्या काही फ्लॅशांवर ६० हा आकडा दिमाखाने छापलेला असतो. खालची बारीक ओळ वाचा. तो २०० मिलिमीटरला मोजलेला निघेल. आकडे तोलायचे तर एकाच झोताचे तोला.

आणि ताकद वाढवून अंतराची मूळ अडचण मिटत नाही, हेही ध्यानात असू द्या. कंदिलापासून पुस्तक दुप्पट लांब नेले, तर उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. तिप्पट लांब नेले, तर नववा. दोन मीटरवरचा मुलगा नीट आला तर चार मीटरवरच्याला चौथाई प्रकाश मिळणार, फ्लॅश हजाराचा असो की तीस हजारांचा. म्हणून दहावीच्या निरोपाचा गटफोटो घेताना पोरांना खोलवर रांगा करून उभे करू नका. बाकांवर चढवून उंचावर घ्या, आणि स्वतः चार पावले मागे या. पहिल्या आणि शेवटच्या मुलाच्या अंतरातला फरक जितका कमी, तितका उजेड सारखा.

पुढचा प्रश्न आपोआप चालणाऱ्या फ्लॅशचा. दोन जाती आहेत. एकीत प्रकाश किती सोडायचा ते तुम्ही हाताने ठरवता: पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश. दुसरीला टीटीएल म्हणतात. ती खऱ्या लखलखाटाआधी एक बारीकसा उजेड टाकते, तो भिंगातून परत किती आला ते कॅमेरा मोजतो, आणि मग हिशेबाने प्रकाश सोडतो. हे फार सोयीचे आहे, पण हा हिशेब करणारा मुनीम जरा भोळा असतो. समोर काळे दिसले की तो समजतो अंधार आहे, आणि जास्त ओततो. पांढरे दिसले की हात आखडतो. त्या वृद्ध कलावंताला आम्ही सत्कारात काळपट तपकिरी शाल पांघरली होती. कॅमेऱ्याने शाल पाहिली आणि बिचाऱ्याचा चेहरा चुन्यात बुडवला. हे मला फार उशिरा उमगले. अशा वेळी कॅमेऱ्यात 'फ्लॅश भरपाई' नावाची सोय असते, ती उणे एकवर न्यायची. पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशी मंडळी असली तर अधिक एकवर.

मग घ्यावा कोणता? शाळेत एकच शिक्षक फोटो काढणार असेल आणि त्याला शिकायची हौस असेल, तर हाताने चालवायचा फ्लॅश पुरे. तो चार-सहा हजारांच्या आसपास मिळतो आणि माणसाला प्रकाश शिकवतो. गटफोटो, बक्षीस समारंभ, हस्तकलेच्या वस्तू यांत अंतर ठरलेले असते, एकदा जमले की जमले. पण कॅमेरा आज या गुरुजींच्या हातात, उद्या त्या बाईंच्या हातात, आणि मुले पळताहेत, पाहुणे येताहेत, असे असेल तर टीटीएल घ्यावा. त्याला पैसे जास्त पडतात; नावाजलेल्या कंपन्यांचा स्वतःचा घ्याल तर वीस हजारांच्या वरही जाल. आमच्या मुख्याध्यापकांनी टीटीएल घ्यायचे ठरवले. मी एकटा असतो तर हाताचा घेतला असता. पण शाळेत बदल्या होतात, फ्लॅश शिकलेला माणूस निघून जातो, वस्तू मागे राहते.

टीटीएल फ्लॅश ज्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा आहे त्यालाच चालतो. कॅननचा निकॉनला बोलत नाही. इतर कंपन्या एकाच नावाचा फ्लॅश कॅननसाठी वेगळा, निकॉनसाठी वेगळा, सोनीसाठी वेगळा काढतात. खोक्यावरचे अक्षर नीट पाहून घ्या. आणि आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात फार थोडे लोक सांगतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते, तिला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक धातूचा ठिपका असतो. पूर्वापार सगळे साधे फ्लॅश याच ठिपक्यातून इशारा घेत आले आहेत. पण कॅननच्या ३०००डी आणि २००डी दुसरी आवृत्ती या कॅमेऱ्यांत हा मधला ठिपकाच नाही. १५००डीचेही असे नग पाहायला मिळतात. स्वस्त म्हणून हेच कॅमेरे शाळांत आणि लहान स्टुडिओंत जास्त. त्यांच्यावर हाताने चालवायचा साधा फ्लॅश बसतो छान, पण पेटत नाही. तेव्हा कॅमेरा बरोबर घेऊन जा, दुकानातच फ्लॅश चढवा, दहा फोटो काढून पाहा, मग पैसे मोजा. घरबसल्या मागवणार असाल तर आधी कॅमेऱ्याच्या डोक्याकडे पाहा: ठिपका आहे की नाही.

आता जुन्या फ्लॅशविषयी थोडे. कोणाच्या तरी काकांच्या पेटीत रोलच्या काळातला एखादा दणकट फ्लॅश असतो आणि ते तो शाळेला भेट देतात. भेट प्रेमाची, पण जपून. काही जुन्या फ्लॅशांच्या पायाशी इशाऱ्याच्या ठिकाणी दोनशे व्होल्टांहून जास्त दाब असतो. जुन्या लोखंडी कॅमेऱ्यांना त्याचे काही वाटत नसे; आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचे नाजूक काळीज त्याने जळू शकते. शाळेत विज्ञानाचे शिक्षक असतात, प्रयोगशाळेत मल्टिमीटर असतो. फ्लॅश चालू करून पूर्ण भरू द्यावा, मीटर मोठ्या डीसी व्होल्टवर ठेवावा, आणि एक टोक पायाच्या मधल्या ठिपक्याला व दुसरे बाजूच्या धातूच्या पट्टीला लावावे. पाच-सहा व्होल्ट आले तर निर्धास्त. शंभर-दोनशे आले तर तो फ्लॅश कपाटात, आठवण म्हणून. आणि फ्लॅश बिघडला तरी कोणी तो उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो.

तसा हा दिवा जन्मापासूनच धोक्याचा. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लखलखाट करायची युक्ती निघाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतले अंधारे कोनाडे जेकब रीस या पत्रकाराने तिच्या उजेडात जगापुढे आणले. त्या नादात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. आपल्या देशात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात उत्तरेकडच्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागे, भुकटी पेटे, आणि वाघ स्वतःच आपला फोटो काढून घेई. १९२७ साली त्याचे ते फोटो पुस्तकरूपाने आले. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जंगलात गेलेला हा माणूस मला फार आवडतो.

पण म्हणून आपण आपल्या नवेगाव-नागझिऱ्यात जाऊन जनावरांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये. तशी मनाईच आहे. सहलीला अजिंठ्याला गेलात तर तिथेही लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. दीड-दोन हजार वर्षांचे रंग आहेत ते. बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी अजिंठ्याची चित्रे फ्लॅशशिवाय, मंद उजेडात कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवून टिपली, आणि रंग जसेच्या तसे आले. कचारगडच्या यात्रेत माघी पौर्णिमेला अनेक जण गुहेत फ्लॅश उडवताना दिसतात. एवढ्या प्रचंड गुहेत तो प्रकाश कुठे जातो? चार माणसांच्या पाठी उजळतात, बाकी काळोख. तिथे विचारून, परवानगी घेऊन फोटो काढायचा असेल तर माणसाला गुहेच्या तोंडाशी उभे करा, पाठीशी आभाळ असू द्या, आणि थोडासा फ्लॅश पुढून द्या. चेहरा काळा पडणार नाही. भर दुपारी फेट्याखालचे डोळे उजळायलाही हीच युक्ती. मात्र झडपेचा वेग दोनशेच्या, म्हणजे सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या, पुढे नेऊ नका. नेला तर साध्या फ्लॅशने अर्धा फोटो काळ्या पट्ट्याखाली जातो.

झाडीपट्टीच्या नाटकात तर फ्लॅश मुळीच नको. रंगमंचावर दिवे असतात, आणि नट ऐन रंगात आलेला असताना आपण त्याच्या डोळ्यांत वीज पाडायची, हे काही बरे नव्हे.

राहता राहिले सेल. बहुतेक फ्लॅशांना चार पेन्सिल सेल लागतात. काहींना स्वतःची लिथियमची बॅटरी असते. ती लवकर भरून तयार होते, लग्नात दिवसभर फोटो काढणाऱ्याला तीच बरी. पण वीज गेलेली, बॅटरी उतरलेली आणि पाहुणे स्टेजवर, असा प्रसंग आपल्याकडे येतो. चार सेलांचा फ्लॅश असला तर निदान किराणा दुकान आहे. मात्र भिंतीवरच्या घड्याळात घालायचे स्वस्त सेल घेऊ नका. फ्लॅश एकदम पुष्कळ वीज ओढतो. ते बिचारे दहा-वीस फोटोंत धापा टाकतात. अल्कलाईन असे लिहिलेले सेल घ्या. त्याहून उत्तम म्हणजे पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइडचे आठ सेल, चार वापरात आणि चार भरलेले. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेले असते म्हणून दुकानात परत करू नका. फ्लॅशला ते चांगले चालतात, उलट अल्कलाईनपेक्षा लवकर भरतात.

त्या शाळेने घेतलेला फ्लॅश दोन्हीकडे मान फिरवतो, चार सेलांवर चालतो, आणि त्याच्याबरोबर पांढऱ्या चादरीची एक घडी कपाटात कायम ठेवलेली असते. गेल्या मंडईत दंडार आली तेव्हा नववीतल्या दोन मुलींनी ती चादर धरली आणि आम्ही संचातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकेकट्याचा फोटो काढला. त्या वृद्ध कलावंताचा मुलगा आता डफ घेऊन उभा राहतो. त्याचाही काढला. त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "बाबासारखाच दिसतो जी मी."

सगळ्यांना फोटो छापून दिले. परवा शाळेत गेलो होतो तर फ्लॅश पेटेना. उघडून पाहिले, तर उन्हाळ्याच्या सुट्टीभर सेल आतच राहिलेले. पाझरून पट्ट्यांवर हिरवट पांढरे किटण चढले होते. विज्ञानाच्या सरांनी कापसाच्या बोळ्याला लिंबाचा रस लावून ते पुसून काढले, मग कोरड्या फडक्याने पट्ट्या साफ केल्या, आणि फ्लॅश पुन्हा सुरू झाला. दर वेळी असे नशीब साथ देतेच असे नाही. तुमच्या शाळेत, घरात असा फ्लॅश असेल, तर हे भाषण संपल्यावर उठा आणि त्यातले सेल काढून ठेवा.